शिवकन्येचं सोनं

सोनपेठात सोमेश्वरला कुणी सोमेश्वर म्हणून हाक मारत नसे. सगळे म्हणत 'सोनेवाले'. परगावचा माणूस हे ऐकून त्याला सराफ समजे आणि पायातल्या झिजलेल्या चपला बघून गोंधळात पडे. खरी गोष्ट एवढीच, की सोमेश्वर कर्नाटकात एका सोन्याच्या खाणीवर कामाला होता. वीसेक वर्षांच्या नोकरीत दगडातलं सोनं त्याने नुसत्या डोळ्यांनी पाहिलं ते जेमतेम दोनदा, पण हे सांगून कुणाला पटणार? बाजाराच्या दिवशी कुणीतरी हटकून खांद्यावर हात टाकायचं, "काय सोनेवाले, आणलं का न्हाई खिशात एखादं ढेकूळ?" लोकांना वाटतं खाण म्हणजे ज्वारीची कणगी, हात घालावा आणि मूठ भरून काढावी. सोमेश्वर हसायचा आणि भाजी घेऊन घरी जायचा.

या मुलखात जमिनीखाली दुसरं काही नाही. वर काळी माती, खाली काळा दगड, आणि त्या दगडाखाली पुन्हा काळा दगड. त्याला भोकं पाडायचं काम सोमेश्वर मिसरूड फुटायच्या आधीच शिकला. बोअरच्या गाडीवर होता तो. झरी, गंगाखेड, सोनपेठ, जिथून बोलावणं येई तिथं गाडी धडधडत जायची. पाणी लागलं की मालक गुलाल उधळायचा, नाही लागलं तर गाडीवाल्यांना चहाचंही कुणी विचारत नसे. त्याची आई मल्लम्मा मूळची रायचूरकडची. तिच्या भावाने भाच्याला बोलावून घेतलं आणि खाणीवर चिकटवून दिलं. "पाण्याच्या जागी सोनं धुंडायचं, बाकी काम तेच," असं मामा म्हणाला. मामाला काम काडीचं कळलेलं नव्हतं, हे सोमेश्वरला पहिल्या महिन्यातच समजलं.

बोअरच्या गाडीवर दगडाचा भुगा उडून जातो आणि त्याच्याकडं कुणी बघतही नाही. सोन्याच्या शोधात मात्र दगड अख्खा वर काढावा लागतो. हिऱ्याची कच बसवलेला पोकळ पाइप जमिनीत फिरत जातो आणि दगडाची लांब कांडी पोटात घेऊन वर येतो, उसाच्या कांडीएवढी जाड. तिला कोर म्हणतात. ती पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ट्रेमध्ये ओळीने मांडायची, कुठल्या खोलीवरची ते लिहायचं आणि करवतीने उभी चिरायची. एक फाक पिशवीत घालून प्रयोगशाळेला पाठवायची, दुसरी ट्रेमध्ये जपून ठेवायची. प्रयोगशाळेत त्या फाकेचं पीठ करतात आणि टनभर दगडात किती सोनं ते सांगतात. चार ग्रॅम निघालं तरी खाणवाल्यांची दिवाळी. बहुतेक वेळा काहीच निघत नाही. डोंगर पोखरून उंदीर काढला असं लोक हिणवतात, पण म्हणीतल्या माणसाला निदान उंदीर तरी मिळतो.

शोधाच्या कामावर राजेश्री मॅडम होत्या. मॅडम नांदेडच्या, त्यामुळं मराठीत बोलत आणि मराठीतच रागवत. रिकाम्या होलावर, म्हणजे सोनं न लागलेल्या भोकावर, माणसं कंटाळून काम कसंतरी उरकायला लागली, की त्या शेडमध्ये येऊन उभ्या राहत. "रिकामा दगड सोन्याच्या दगडासारखाच हाताळायचा," त्या म्हणत. "इथं सोनं नाही, हे जो होल खात्रीनं सांगतो, तोही कामाचाच. तो सांगतो, इकडं पैसा घालू नका, माणसं खाली उतरवू नका. शोध फसतो तो नशिबानं नाही, आपल्या हातानं फसतो." सोमेश्वरला हे पटलं होतं. शोधाच्या कामात हुशारी लागते, पण त्याहून जास्त लागतो तो सरळपणा, आणि कंटाळा आला तरी न सुटणारी शिस्त.

त्या शिस्तीतला एक नियम नव्या माणसाला हसू आणायचा. सोन्याच्या शेडमध्ये सोनं घालून यायचं नाही. अंगठी नाही, साखळी नाही, कानातलं नाही. अंगठीचा केसाएवढा कण घासून पिशवीत पडला, तरी रिकाम्या दगडात सोनं दिसायला लागतं. मॅडम स्वतःचं मंगळसूत्र दारावरच्या पेटीत काढून ठेवत आणि मगच आत येत. सवलत फक्त सोमेश्वरला होती. त्याच्या गळ्यात शिवदोऱ्याला चांदीची डबी असायची आणि तिच्यात लिंग. लिंगायताने लिंग अंगावेगळं करायचं नसतं, श्वास आहे तोवर. नोकरीला लागला तेव्हाच्या साहेबाने डबी पाहिली, चांदीची आहे म्हणाला, सदऱ्याच्या आत ठेव म्हणाला. पुढं कुणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं.

सोमेश्वरचं लग्न त्रिवेणीशी झालं आणि उशिरानं त्यांना एकच मुलगी झाली. शिवकन्या. त्रिवेणी सासूची दुखणी आणि थोडी शेती सांभाळत सोनपेठातच राहिली. सोमेश्वर शिवरात्रीला यायचा, श्रावणात यायचा, दिवाळीला यायचा. बाप आला की शिवकन्या त्याच्या पिशवीत हात घालायची आणि खाणीवरून आणलेली पांढरी गारगोटी काढून शेजारणींना दाखवत फिरायची. ह्याच्यात सोनं हाय, दिसत न्हाई, असं ती मोठ्या तोऱ्यात सांगायची. बारशाला आजीने घातलेल्या सोन्याच्या दोन बारीक रिंगा कानात हलायच्या.

चौथीत असताना तिला डेंगी झाला. आधी सोनपेठ, मग परभणी. सोमेश्वर तेव्हा डोंगरावर मशीनपाशी होता आणि तिथं फोन लागत नव्हता. लागला तेव्हा पोरगी गेलेली होती. तो गाडी बदलत बदलत गंगाखेडला उतरला आणि एसटीने सोनपेठला पोचला, तोवर माती देऊन झाली होती. पावसाचे दिवस, थांबवणार तरी किती. त्याने लेकीचं तोंड पाहिलं नाही. या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका न पाहिलेल्या तोंडाभोवती फिरत राहिलं, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

परत निघायच्या आदल्या दिवशी त्याने त्रिवेणीला विचारलं, "तिच्या रिंगा कुठं हायत?"

त्रिवेणीने त्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या. काही बोलली नाही. सोमेश्वर त्या घेऊन सराफाकडं गेला, आटवून एक छोटं बेलाचं पान करून घेतलं आणि डबीच्या झाकणावर बसवून आणलं. आता लेक छातीवर होती. रोज सकाळी पूजेला लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, तेव्हा डबी शेजारी ठेवायच्या आधी तो पानावरून अंगठा फिरवायचा.

आणि त्याची चूक झाली ती इथं. इतकी वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या बोटातल्या अंगठ्या उतरवल्या, त्याच्या मनात एकदाही आलं नाही, की आपल्या छातीवर सोनं आहे. दागिना म्हणजे अंगावर मिरवायची वस्तू. हे तर लेकरू होतं. लेकराला कोण दारावरच्या पेटीत काढून ठेवील?

त्यानंतर काही वर्षांनी उत्तरेकडच्या टेकडीवर होल मारायला सुरुवात झाली. एकामागून एक रिकामे निघाले. वरचे लोक कुरकुरायला लागले, हा शोध बंद करा म्हणायला लागले. बंद झाला असता तर शेडमधल्या निम्म्या माणसांना घरचा रस्ता होता. त्यात लिंबाजी होता, गंगाखेडचा. सोमेश्वरनेच त्याला शब्द टाकून आणला होता. तोंडाने फटकळ, हाताने चोख. कापलेल्या फाका पिशवीत भरून तोंड बांधायचं काम त्याचं होतं.

भर उन्हाळ्यात शेवटच्या होलाचे कोर आले. पत्र्याखाली अंगाची लाही होत होती. सदऱ्याची बटणं उघडी टाकून सोमेश्वर ट्रे छातीशी धरून उचलायचा, गारगोटीच्या फाकांवर वाकून ब्रश मारायचा आणि पिशवीकडं ढकलायचा. शिवदोरा जुना होऊन सैल पडला होता.

महिनाभराने प्रयोगशाळेचे आकडे आले. एका पट्ट्यात चक्क तीन ग्रॅम, कुठं चार. शेडमध्ये जल्लोष झाला. लिंबाजीने पेढे वाटले आणि सोमेश्वरच्या पाया पडला. "अप्पा, तुमच्यामुळं आलो आन् तरलो बगा!" वरून निरोप आला, काम चालू ठेवा. एकट्या राजेश्री मॅडम हसल्या नाहीत. त्या ट्रेपाशी बसून ठेवलेली फाक भिंगातून पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. सोन्याच्या सोबतीला जे खनिज दगडात दिसायला हवं, ते दिसत नव्हतं. दगड एक सांगत होता आणि आकडा दुसरंच. दिसतं तसं नसतं, म्हणून तर ती दुसरी फाक ठेवतात.

मॅडमनी ती चिरायला सांगितली. तोवर पाऊस सुरू झाला होता आणि गळ्यापर्यंत बटणं असलेले नवे एप्रन आले होते. मॅडम स्वतः समोर उभ्या राहिल्या. सोमेश्वरने चिरली, मॅडमनी पिशव्या बांधल्या. यावेळी आकडे आले ते असे, की पाटी कोरी. कुठंच काही नाही.

मग संशयाची माशी लिंबाजीवर बसली. पिशव्या त्याने भरल्या होत्या, नोकरी त्याची जाणार होती, पेढेही त्यानेच वाटले होते. रिकाम्या पिशवीत सोन्याची चिमूट टाकून काम चालू ठेवायचं, असे प्रकार खाणींच्या जगात झालेले आहेत. लिंबाजी आधी चिडला, मग रडला. "आईची आण, मी काई केलं न्हाई," एवढंच म्हणत राहिला. त्याला दुसऱ्या दिवशी वरच्या ऑफिसात बोलावलं होतं.

त्या सकाळी सोमेश्वर पूजेला बसला. डबी हातात घेतली, अंगठा पानावर फिरवला आणि तसाच थांबला. पानाचं एक दळ गुळगुळीत झालं होतं हे त्याला माहीत होतं. रोज अंगठा फिरवून झिजलं असेल, असं समजून तो मनातून सुखावलासुद्धा होता. आज त्याने डबी उजेडात धरली. एक दळ झिजून चांदी दिसत होती आणि दुसऱ्यावर बारीक ओरखडे होते, सगळे एकाच दिशेने. अंगठ्याने ओरखडे पडत नाहीत. गारगोटीने पडतात.

त्याला उन्हाळ्यातला तो ट्रे आठवला, उघडा सदरा आठवला, नंतरचा एप्रन आठवला. कुणाला कळलं नसतं. झाकणावर कापड गुंडाळलं असतं तरी झालं असतं. पण लिंबाजीला गावाकडं चोर म्हणून जावं लागलं असतं. खरं सांगायचं तर सोमेश्वरला त्या घडीला लिंबाजीचंही फार वाटलं नाही. त्याला वाटलं ते एवढंच, की आपण लेकीला दगडावर घासलं, आणि तिचं पीठ झालं.

तो पूजा उरकून सरळ मॅडमकडं गेला आणि डबी टेबलावर ठेवली. पान बसवल्यापासून पहिल्यांदा त्याने ती डबी दुसऱ्याच्या हातात दिली, लिंग मुठीत धरून. मॅडमनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"हे कधी बसवलंत?"

"पोरगी गेली तवा. तिच्या कानातल्या रिंगा हायत ह्या."

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. "मला का नाही सांगितलंत, सोमेश्वरअप्पा?"

"मला सोनं हाय असं वाटलंच न्हाई कधी, मॅडम."

मॅडम रागवल्या नाहीत. रागवल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सोमेश्वरला वाटून गेलं. नंतर त्यांनी उरलेलं पीठ तपासून घेतलं. खाणीच्या सोन्यात नसतं तेवढं तांबं त्यात निघालं, सराफाने डाग द्यायला, म्हणजे पान झाकणाला जोडायला, घातलेलं. लिंबाजी सुटला. टेकडीवरचा शोध बंद झाला, आणि त्यात गैर काही नव्हतं, तिथं सोनं नव्हतंच. जी माणसं कमी केली त्यांत लिंबाजी नव्हता, सोमेश्वर होता. लिंबाजी त्याची पिशवी उचलून गाडीपर्यंत पोचवायला आला.

जाताना सोमेश्वरने एकच गोष्ट मागितली. दळलेल्या पिठाच्या ज्या पुड्या प्रयोगशाळेत उरतात, त्यांतल्या त्या पट्ट्याच्या पुड्या. नाहीतरी फेकूनच दिल्या असत्या. मॅडमनी त्या स्वतः आणून दिल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आणि त्याच्या हातावर क्षणभर हात ठेवला.

गंगाखेडला उतरेपर्यंत सोमेश्वर एकच विचार करत होता, त्रिवेणीला काय सांगायचं. नोकरी गेली, हे सांगणं सोपं होतं. पण तिने विश्वासाने हातावर ठेवलेल्या रिंगांचं काय केलं, हे कसं सांगणार? एसटीत शेजारचा म्हातारा म्हणाला, "काय सोनेवाले, सुट्टीवर का?" सोमेश्वर हो म्हणाला.

त्रिवेणी ओसरीवर तूर पाखडत बसली होती. अवेळी आलेल्या नवऱ्याकडं पाहून तिने सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन पाणी आणलं. मल्लम्मा मागच्या वर्षीच गेली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. सोमेश्वर तांब्या हातात धरूनच बोलायला लागला. काही लपवलं नाही. उघडा सदरा, लिंबाजी, झिजलेलं दळ, सगळं सांगितलं.

"मंग आता ती कुठं हाय?" तिने विचारलं.

सोमेश्वरने पिशवीतून पुड्या काढून तिच्यापुढं ठेवल्या. "ह्यात."

तिने एक पुडी उघडली. आत राखाडी पीठ होतं, चुलीतल्या राखेसारखं. तिने त्यात बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं. "मला तर काईच दिसंना."

"दिसत नसतंय. मशीनलाच दिसतंय." मग तो म्हणाला, "म्हणलं, तिच्या समाधीपाशी न्यावं. मातीत मिळवून द्यावं. त्या दिवशी माजी माती ऱ्हायली..."

"न्हाई."

त्रिवेणीचा आवाज चढला नाही. "मी घातलंय तिला मातीत एकदा. तुमी नव्हता. समाधीच्या खड्ड्यात मांडी घालून बसवली तिला, आन् तिची मान सारखी कलायली. स्वामी म्हणले, धरा कुणीतरी. मी धरली. माती गळ्यापस्तोर आली तवा हात काढले मी. आता पुन्ना तिला मातीत घाल म्हणू नगा. माज्यानं व्हायचं न्हाई."

ओसरीवर तूर तशीच पडली होती. सोमेश्वरच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्याने ते पुसलं नाही.

"आन् रिंगा," त्रिवेणी म्हणाली. ती आता त्याच्याकडं बघत नव्हती. "तुमी मागितल्या, मी दिल्या. लांब ऱ्हाता, काईतरी जवळ पायजे म्हणून दिल्या. दोन व्हत्या त्या. एक तुला ठेव, असं तुमी म्हणले न्हाईत. मी बी बोलले न्हाई. तिची फ्राकं तिच्या मामाच्या पोरीला दिली, दप्तर शाळेत दिलं. माज्याजवळ काय ऱ्हायलं तिचं?"

सोमेश्वरला हे कधी सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं तो लेकीचं दुःख एकट्याच्या छातीवर घेऊन फिरला आणि सोनपेठात दुसरं कुणी रिकाम्या हाताने बसलंय, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याचा हात शिवदोऱ्याकडं गेला. डबी काढून पानच तिला देऊन टाकावं, म्हणून तो गाठ सोडायला लागला. त्रिवेणीने त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या ते. उरलंय ते तुमचं." तिने पुड्या एकेक करून पदरात घेतल्या. उघडलेली पुडी नीट घडी घालून बंद केली, बोटाला लागलेलं पीठसुद्धा तिच्यात झटकलं. "हे माजं."

मग तिच्या मनात काहीतरी आलं आणि ती थबकली. "एक सांगा. ह्याच्यात दुसरं कुणाचं सोनं मिसळलं न्हाई ना? खाणीचं, दगडाचं?"

"न्हाई," सोमेश्वर म्हणाला. "त्या दगडात काईच नव्हतं. दुसरी फाक मीच चिरली. ह्यात जेवढं हाय तेवढं आपल्या पोरीचंच हाय."

त्रिवेणीने मान हलवली आणि पदराला गाठ मारली.